आधी सांगायची तीन वाक्यं

मॅडम, मी लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा हक्क असलेली माणसं पुष्कळ आहेत. तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं शिकवलेले सर आहेत, तुमच्या हाताखाली एम.फिल. केलेल्या ताई आहेत. त्यांचं लिहिणं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसलेलो. आणखी कोणाला दोन शब्द बोलायचेत का, असं विचारलं गेलं तेव्हा मी मान खाली घातली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि माझे एम.ए.चे पेपर अजून राहिलेत, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. वार्षिकांकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, तुमच्याशी बोलायला आता दुसरी जागा कुठे उरलीय.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवला. त्यांनी काही वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. मला यासाठी कोणी पैसे दिलेले नाहीत. हे सगळं सुरुवातीलाच सांगायचं असतं, असं तुम्हीच शिकवलंत.

सेकंड इयरला पहिल्याच तासाला तुम्ही प्रत्येकाला कुठून येतो ते विचारलंत. मी ठाणे म्हणालो. ठाण्यात कुठे, तुम्ही विचारलंत. मी कोलशेतच्या पुढे, खाडीकडे, असं काहीतरी पुटपुटलो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी "सुकट" म्हणालं. वर्ग हसला. तुम्ही त्या मुलाला रागावला नाहीत. त्याच्याकडे बघितलंही नाहीत. मला म्हणालात, "संध्याकाळी तुला घरी पोचेपर्यंत अंधार होत असेल. शेवटची बस कुठपर्यंत जाते?" मी सांगितलं, तिथून पुढे चालतो. मग तुम्ही त्या रस्त्याबद्दल एवढं विचारलंत की हसणारे कंटाळून गप्प बसले. मला तेव्हा वाटलेलं की या बाईंना रस्त्यांत रस आहे. तुम्हाला समोरच्या माणसाला बोलतं ठेवण्यात रस होता, हे कळायला वेळ लागला.

वर्षभराने तुम्ही आमच्या कोळीवाड्याचा अभ्यास करायचं ठरवलंत. खाडीत मासळी का कमी झाली ते शोधणं शास्त्रवाल्यांचं काम, तुम्ही म्हणालात. आपण त्या पाण्यात आणि चिखलात रोज उभं राहणाऱ्या माणसांना विचारायचं की त्यांचं काय होतंय. एका ट्रस्टने पैसे द्यायचं कबूल केलेलं. ट्रस्टच्या नावात विद्या होती, सेवा होती, ऐकायला छान वाटायचं. मला तुम्ही मदतीला घेतलंत आणि माझं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर तुमच्या नावाखाली येईल असं सांगितलंत. मी म्हटलं, आभारात घातलंत तरी चालेल. तुम्ही हसलात. "आभार चहा पाजणाऱ्यांचे मानतात. काम करणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर." मी घरी जाऊन आईला हे सांगितलं. तिला पहिलं पान म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण तिने ते आजूबाजूला सांगून टाकलं.

मग ती तीन वाक्यं. दारात उभं राहिल्यावर एकही प्रश्न विचारायच्या आधी म्हणायची. आम्ही कॉलेजातून आलोय आणि या कामाचे पैसे अमक्या ट्रस्टचे आहेत. सांगायचं नसेल तर सांगू नका, आणि आज सांगितलेलं उद्या परत मागितलंत तर परत देऊ. सगळं लिहून झालं की छापायच्या आधी इथे येऊन तुम्हाला वाचून दाखवू. तुम्ही ती माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलीत की मी बसमध्येही ती पुटपुटायचो. पहिल्याच घरात दामूबाबांनी ती ऐकली आणि ते ओटीवरून आत ओरडले, "आधी बोलतंय पलून जा, मंग इचारतंय घरान कोन हाय." सगळी आळी हसली. तुम्हीही हसलात. मी लाजेने लाल झालो. पण दामूबाबांनी आम्हाला बसायला चटई टाकली, हेही खरं.

परवानगीसाठी आपण आधी जमातीसमोर गेलेलो. आमच्याकडे गावाचं काही ठरवायचं असलं की जमात बसते, पाटील मध्ये आणि बाकीचे कर्ते पुरुष भोवती. पाटलांनी मान डोलावली, सगळ्यांनी हो म्हटलं. मला वाटलं काम झालं. तुम्ही इकडेतिकडे बघत होतात. "बायका कुठे आहेत?" तुम्ही विचारलंत. बाजारात, पाटील म्हणाले, आणि आमचं हो म्हणजे त्यांचंही हो. परतताना मी सांगितलं की आमच्याकडे असंच असतं. "असेल," तुम्ही म्हणालात. "पण चिखलात कालवं काढायला बायका जातात ना?"

बायकांना विचारायचं काम मी अंगावर घेतलं. मी घरचा, मला सगळ्या ओळखतात, माझ्याशी मोकळेपणाने बोलतील, असं मीच तुम्हाला पटवलं. शेजारच्या घरात माझी काकी, पलीकडे काकीची जाऊ, पुढे आईची मैत्रीण. सगळ्यांनी मला चहा दिला आणि सगळ्यांनी सांगितलं, बरं हाय. अंग दुखतं का? बरं हाय. त्वचेला काही? बरं हाय. मी भरलेले कागद तुमच्यापुढे ठेवले तेव्हा तुम्ही ते वाचून चष्मा काढलात.

"एवढ्या ठणठणीत बायका मी ठाणे जिल्ह्यात पाहिल्या नाहीत."

मला राग आला. मी म्हटलं, त्या खोटं कशाला बोलतील, मी परका थोडाच आहे. तुम्ही म्हणालात, तू परका नाहीस, तेच तर. मी ते वाक्य अर्धवट समजलो, आणि अर्धवटच सोडून दिलं.

त्यानंतर ट्रस्टचे सेक्रेटरी कॉलेजात आले. भला माणूस होता, तुमच्यासाठी पेढे घेऊन आलेला. गावात वाचून दाखवायच्या आधी अहवाल एकदा साहेबांच्या नजरेखालून गेला तर बरं, असं ते म्हणाले. कोणते साहेब, तुम्ही विचारलंत. ट्रस्ट ज्यांच्या पैशावर चालतो ते. त्यांची फॅक्टरी तिकडेच खाडीला लागून आहे ना, म्हणून त्यांना या कामाबद्दल फार आपुलकी आहे. मी तिथेच उभा होतो. पेढ्यांचा बॉक्स उघडलेला होता. तुम्ही तो बंद केलात आणि त्यांच्या पुढे सरकवलात, अगदी हळू.

ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "गावात जाऊन सांगायला हवं."

आपलं भांडण तिथे सुरू झालं. कॉलेजच्या जिन्यावर, येणारीजाणारी मुलं बघत होती. मी म्हटलं, पैसे कोणाचेही असोत, उत्तरं तर आमचीच आहेत. तुम्ही म्हणालात, पैसे कोणाचे ते ऐकून त्यांनी उत्तरं दिली, आणि आपण ऐकवलं ते खरं नव्हतं. तुम्हाला कुठे माहीत होतं, मी म्हटलं. "आता माहीत आहे," तुम्ही म्हणालात. मी सांगत राहिलो की हे कळलं तर एकही घर उघडणार नाही, आणि आमच्या गावाबद्दल कोणी चार ओळी लिहिल्यात असं आजवर झालेलं नाही, ती एक संधी आलीय. शेवटी मी जे बोललो ते अजून माझ्या कानात आहे.

"तुमचं मन साफ राहील, मॅडम. पण अभ्यास बुडेल तो आमच्या गावाचा."

तुम्ही एक पायरी उतरून थांबलात. मला वाटलं आता ओरडाल. "हे तू बरोबर बोललास," तुम्ही म्हणालात. मग थोड्या वेळाने विचारलंत, "उद्या भरती किती वाजता आहे? पुरुष घरी कधी सापडतील?"

जमातीसमोर तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मी तुमच्या मागे होतो, दिसू नये अशा बेताने. तुम्ही सगळं सरळ सांगितलंत. आपल्याला कधी कळलं, कोणाकडून कळलं, पैसे परत करणार आहोत, आणि कोणाला आपलं उत्तर परत हवं असेल तर आत्ता देते. मग पाटलांचा मोठा मुलगा म्हणाला, "म्हंजे ज्यानं खाडीन घान सोडली त्याच्याच पैशान तुमी आमाला इचारताव, खाज येते काय?"

"हो," तुम्ही म्हणालात. "तसंच झालं."

यापुढे यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असं जमातीने ठरवलं. आपण घरोघर जाऊन कागद परत दिले. दामूबाबांनी तेवढा ठेवा म्हटलं, बाकी बहुतेकांनी घेतले. काकीने तिचा कागद बघितलाही नाही, सुक्या बोंबलांच्या टोपलीवर झाकण म्हणून ठेवला. त्या दिवशी परत जाताना तुम्ही मला बसस्टॉपपर्यंत येऊ दिलं नाहीत. माझ्याबरोबर चालल्याचा त्रास तुला होईल, म्हणालात. मी वळणावर उभा राहून बघत होतो. मिठागराच्या बांधावरून तुम्ही एकट्या जात होतात, खांद्याला ती शबनम, आणि एकदाही मागे वळला नाहीत.

त्रास व्हायचा तो झालाच. धक्क्यावर गेलो की पोरं म्हणायची, आला कंपनीचा माणूस, बोला रे जपून. आईने पहिल्या पानाची गोष्ट पुन्हा कोणाजवळ काढली नाही. तुमच्याकडे काय झालं ते मला नंतर समजलं. सगळे पैसे परत केले म्हणून कॉलेजात तुम्हाला हसले. कुठल्या प्रोजेक्टचे पैसे धुतलेले असतात, असं एक सर म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलंय. पुढे विभागप्रमुख दुसरं कोणी झालं. स्टाफरूममध्ये तुमची खुर्ची खिडकीजवळ होती. मी दारातून बघायचो तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत असायचात आणि बाकीचे दुसऱ्या टोकाला डबे उघडून बसलेले असायचे.

बी.ए. झाल्यावर मी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या डिस्पॅचला लागलो. एम.ए. बाहेरून कर, तुम्ही म्हणालात, पुस्तकं मी देते. पुस्तकं न्यायला डोंबिवलीला तुमच्याकडे यायचो तेव्हा प्रत्येक वेळी तो विषय निघायचा, आणि प्रत्येक वेळी मीच काढायचो. माझ्याजवळ बोलायला दुसरं कोणी नव्हतं, मॅडम. कारखान्यात मी शिकलेला म्हणून वेगळा पडलेलो, गावात कंपनीचा म्हणून. तुमच्याशी भांडलो की निदान वाटायचं, कोणाला तरी माझं ऐकायचंय.

एकदा तुम्ही मला ठाण्याच्या मासळी बाजारात दिसलात. मी सकाळी आईची पाटी पोचवायला गेलेलो. तुम्ही पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणाऱ्या, आणि तिथे ओल्या लादीवर साडी वर धरून उभ्या. हातात रिकामी पिशवी. मला एवढं हसू आलं. "मॅडम, मासे खायला लागलात?" मी विचारलं. तुम्ही जराशा गडबडलात. "खात नाही रे," तुम्ही म्हणालात, "पण वासाची सवय झालीय." मी ते वाक्य विनोद म्हणून कारखान्यात दोनचार जणांना सांगितलं.

शेवटची भेट गेल्या वर्षीची. तुम्ही बारीक झालेलात. मी विचारलं नाही, मला वाटलं उन्हाळा आहे. तुम्ही पोहे केलेत, खोबरं घालून, मला आवडतात तसे. त्या आठवड्यात माझ्या आईच्या पायाची जखम चिघळलेली आणि डॉक्टर विचारत होता की कधीपासून आहे, आणि ती म्हणत होती, बरं हाय. तो सगळा राग मी तुमच्यावर काढला. मी म्हटलं, तेव्हा गप्प बसला असतात तर आज दाखवायला काहीतरी कागद असता. "काय निघालं त्यातून, मॅडम? एवढं खरं बोलून गावाच्या हाती काय लागलं?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काहीतरी बोलणार होतात. तुमचे ओठ हललेले मी बघितले, आणि मग तुम्ही थांबलात. उठून आत गेलात आणि आतूनच विचारलंत, "आणखी पोहे देऊ?"

मला वाटलं तुमच्याकडे उत्तर नाही. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. मी निघालो. तुम्ही नेहमीसारख्या गॅलरीत येऊन उभ्या राहिला असाल. मी वर बघितलं नाही.

त्यानंतर माझी शिफ्ट बदलली, परीक्षेचा फॉर्म राहून गेला, पुस्तकं परत करायला जाऊ म्हणता म्हणता महिने गेले. तुमची दोन पुस्तकं अजून माझ्याकडे आहेत. तुम्ही दवाखान्यात होतात हे मला कोणी कळवलं नाही. कळवणार कोण, तुमच्या माणसांना माझं नावही माहीत नसणार.

त्या दिवशी मी पहिली पाळी करून घरी आलो तर काकी आमच्या ओटीवर बसलेली. बाजाराचा दिवस असून ती बाजाराला गेलेली नव्हती. अंगावर हळदीकुंकवाला नेसते ती साडी, आणि डोळे सुजलेले. म्हणाली, "बाला, तुझी मॅडम गेली. आमी सगल्या जाऊन आलो."

मला आधी सगल्या म्हणजे कोण तेच कळेना. मी म्हटलं, तुम्ही कशा गेलात? तुम्हाला घर कुठे माहीत? काकी म्हणाली, घर काय, दवाखानाही माहीत होता, तिथेही जाऊन येत होतो.

मग तिने सांगितलं. मी तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करतो. कागद परत दिल्यावर काही महिन्यांनी तुम्ही तिच्यासमोर बाजारात येऊन उभ्या राहिलात. ती तुम्हाला म्हणाली, मासली घेत नाय तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोलंबतंय. तुम्ही बाजूला झालात. पुढच्या आठवड्यात परत आलात. मग काकीच्या जावेने तुम्हाला बसायला उलटी पाटी दिली. तुम्ही काहीच विचारायचा नाहीत. नुसत्या बसायचात, मुलाबाळांचं बोलायचात, निघून जायचात. शेवटी काकीलाच राहवलं नाही. मॅडम, तुमी आता इचारत का नाय, ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, तुम्ही परत घेतलंत ना. मग काकीने विचारलं, आता पैसे कोनाचे? कोणाचेच नाहीत, तुम्ही म्हणालात. मंग लिवा, काकी म्हणाली.

पुरुष खाडीवर असले की दुपारच्या तुम्ही यायचात, मॅडम. जाळ्यांच्या खोपीत बसायचात. आमच्या शेजारी, आमच्या भिंतीला लागून. जमातीने बोलायचं नाही म्हटलेलं असताना त्या एकेक करून आल्या आणि जे त्यांनी नवऱ्याला, डॉक्टरला, कोणालाच सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगितलं. ते काय होतं हे मी लिहीत नाही, ते मला माहीतही नाही. आजारी पडायच्या आधी तुम्ही येऊन ते सगळं त्यांना वाचून दाखवलंत. त्यांना नको वाटलं ते त्यांच्यासमोर खोडलंत, आणि ते बाड त्यांच्याच हातात देऊन गेलात. कोणाला दाखवायचं ते त्या ठरवणार. अजून ठरलेलं नाही. मी ते पाहिलेलं नाही आणि मागणारही नाही.

"पयल्या पानावर आमची नावं हायत," काकी म्हणाली. "पैसे कोनाचे ते लिवाया लागतं ना? पैसे कोनाचे नाय, पन दुपारचं जेवन आमचं होतं. तांदलाची भाकरी, वांग्याची भाजी. मासली तिला चालत नव्हती." मग ती जरा हसली. "तिनं ते बी लिवलंय."

मी म्हटलं, आणि मला का नाही सांगितलंत?

"तुला काय सांगनार? तू आमच्या मांडीवर खेललास. तू इचारत आल्तास तवा आमी लाजेनं मेल्तो."

आतून आई ऐकत होती. ती बाहेर आली नाही, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिलाही हे सगळं माहीत होतं.

"आमी तिच्याकडून वचन घेतल्तं," काकी म्हणाली. "कोनाला बोलायचं नाय. जमातीला नाय, कालेजान नाय, आमच्या पोराला तर नायच नाय. तुझं तिच्याकडं जानंयेनं होतं, म्हनून भीती होती." तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "बोल्ली काय रं तुला कधी?"

मी म्हटलं, नाही. कधीच नाही.